पॉडकास्ट : उच्च शिक्षणातील अध्यापनसाधन

इंटरनेटवरून भागाभागांनी प्रसारित होणारा, मोबाइलवर उतरवून सवडीने ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम म्हणजे पॉडकास्ट. महाविद्यालयांत तो तासाला पूरक म्हणून आणि विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून वापरला जातो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २००४ मध्ये प्रथम वर्षाच्या सुमारे १,६५० विद्यार्थ्यांना शैक्षणिक वापरासाठी आयपॉड (ध्वनिफायली ऐकण्याचे खिशात मावणारे यंत्र) दिले. या क्षेत्रातील हा गाजलेला आरंभीचा प्रयोग. हे तंत्र नवे असले, तरी ऐकून शिकणे आपल्या नागपूर परिसराला नवे नाही. येथे आकाशवाणी केंद्र १९४८ पासून आहे. पण रेडिओची वेळ चुकली की कार्यक्रम हुकतो. पॉडकास्ट थांबवता येतो, मागे नेता येतो.

ही सोय येथे फार मोलाची आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया असे चार जिल्हे. वर्धा, काटोल, रामटेककडून रोज अपडाउन करणाऱ्या मुलांचा बराच वेळ गाडीत जातो. त्यातील अनेकजण दहावीपर्यंत मराठीत शिकलेले असतात आणि विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत असतात. ‘एन्ट्रॉपी’ ही संज्ञा तशीच ठेवून तिचे स्पष्टीकरण मराठीत देणारा पंधरा मिनिटांचा भाग असे विद्यार्थी न संकोचता चारदा ऐकू शकतात. वर्गात तोच प्रश्न चारदा विचारण्याचे धाडस होत नाही.

पाऊण तासाचे व्याख्यान जसेच्या तसे ध्वनिमुद्रित करून टाकणे हा या माध्यमाचा सर्वांत कमकुवत वापर होय. एका भागात एकच संकल्पना घ्यावी, शेवटी एक प्रश्न सोडावा आणि त्याच्या चर्चेने पुढचा तास सुरू करावा. ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) दर्जाच्या मोनो, म्हणजे एकपदरी ध्वनीमध्ये पंधरा मिनिटांची फाइल जेमतेम ७ एमबी होते, त्यामुळे कमी डेटातही भागते. ध्वनिमुद्रणाला मोबाइल पुरतो; तो तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही, पण त्याची घरघर शब्द गिळते. म्हणून ध्वनिमुद्रण भल्या पहाटे कूलर बंद ठेवून उरकावे.

आकृत्या, गणिती सिद्धता पॉडकास्टमध्ये लंगड्या पडतात. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक भागाची लिखित संहिता हवीच.

विद्यार्थ्यांनी स्वतः पॉडकास्ट करणे अधिक फलदायी. वाणिज्य शाखेची मुले कळमना बाजारातील संत्र्याच्या अडत्यांशी बोलू शकतात. इतिहासाची मुले १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला हजर असलेल्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करू शकतात. तेव्हाची दहा-बारा वर्षांची मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. मुद्रणाआधी बोलणाऱ्याची संमती घ्यावी. गुण देताना आवाजापेक्षा प्रश्नांची तयारी आणि संपादनात काय ठेवले, काय गाळले, हे पाहावे.