पार्श्वभूमी : ३२,९०० रुपयांचा डबा आणि पिन लावायची जागा

महागडा स्मार्ट स्पीकर घ्यावा का, हा विषय आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दिवाळीला निघतो. 'आवाज भारी आहे' आणि 'एवढ्या पैशांत फ्रिज येतो' अशी दोन मतं पडतात आणि मग कोणीतरी पार्किंगचा विषय काढतं. आवाज भारी आहे, हे खरं. फ्रिज येतो, हेही खरं. पण हा भाव कसा ठरत गेला ते मागे जाऊन पाहिलं, तर लक्षात येतं की या वस्तूची आवाजाशी ओळख जरा उशिरा झाली.

अ‍ॅमेझॉनचा पहिला स्मार्ट स्पीकर, इको, २०१४च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आला, तो मुळात हरकाम्या म्हणून. टायमर लाव, पाऊस पडणार का सांग, यादीत साबण लिही. किंमत १९९ डॉलर, पण कंपनीच्या वर्गणीदारांना ९९. गाणी वाजवायचा, पण ती त्याच्या बाकीच्या कामांपैकी एक. भारतात तो २०१७च्या ऑक्टोबरमध्ये आला, तोही आधी निमंत्रण मागायचं आणि मग विकत घ्यायचा अशा थाटात. त्याचा धाकटा भाऊ डॉट ४,४९९ रुपये, इको ९,९९९, थोरला प्लस १४,९९९. सगळ्यांत वरच्याचे जे पाच हजार जास्त होते, त्यातला मुख्य ऐवज दिवे आणि स्विच जोडणाऱ्या झिगबी हबचा होता. गाणं ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग! पुढच्या एप्रिलमध्ये गूगल होम आणि होम मिनी आले, ९,९९९ आणि ४,४९९ला. आकडे रुपयाला रुपया तेच. म्हणजे बनवायला किती लागले यावरून हा भाव ठरलेला नव्हता, शेजारचा दुकानदार कितीला देतो यावरून ठरलेला होता. इको बनवणाऱ्या कंपनीच्या उपकरण विभागाला २०१७ ते २०२१ या काळात २,५०० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाल्याची बातमी २०२४मध्ये आली, तेव्हा स्वस्त डब्यांचं गणित थोडं उलगडलं. डबा तोट्यात द्यायचा, कमाई पुढे कधीतरी होईल.

'प्रीमियम' हा शब्द या बाजारात शिरला तो २०१७-१८मध्ये. सोनोस कंपनीचा वन, गूगलचा होम मॅक्स आणि अ‍ॅपलचा होमपॉड ही तीन नावं काही महिन्यांच्या अंतराने आली. होम मॅक्स ३९९ डॉलरचा होता आणि तीनच वर्षांत, २०२०च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. होमपॉड डिसेंबर २०१७मध्ये यायचा तो लांबला आणि ९ फेब्रुवारी २०१८ला ३४९ डॉलरला विक्रीला आला. पहिल्याच आठवड्यात त्याची चर्चा आवाजापेक्षा डागांवरून झाली. तेल किंवा मेण लावलेल्या लाकडी टेबलावर त्याच्या बुडाचे पांढरे गोल उमटत होते. (आपल्याकडे सनमायका असतो, त्यामुळे ही भानगड फार पोचली नाही.)

मराठी कानाला 'प्रीमियम' म्हटलं की आधी विम्याचा हप्ता आठवतो. घोडबंदर रोडवर गेलात तर प्रत्येक टॉवरच्या फलकावर तोच शब्द फ्लॅटला लावलेला दिसतो आणि त्याचा अर्थ लिफ्टमध्ये आरसा असतो. स्पीकरच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. कधी जास्त वूफर (खर्जाचे स्पीकर), कधी कापडाचं वेष्टण, कधी नुसतं नाव. पहिला होमपॉड भारतात २०२०च्या सुरुवातीला आला, १९,९०० रुपयांना. २०२१च्या मार्चमध्ये तो बंद केल्याचं जाहीर झालं. २०२३च्या जानेवारीत दुसरी आवृत्ती जाहीर झाली, ३२,९०० रुपये. दरम्यान त्यातले ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचे छोटे स्पीकर, सातावरून पाच झाले होते आणि मायक्रोफोन सहावरून चार. अमेरिकेत त्याची किंमत २९९ डॉलर होती, पहिल्या होमपॉडच्या उतरलेल्या किमतीएवढीच. आपल्याकडे मात्र मधल्या तीन वर्षांत १३,००० रुपये वाढले. पाच ट्वीटर नीट बसवले तर सातांपेक्षा चांगले वाजू शकतात, त्यामुळे नुसत्या संख्येवरून निकाल देऊ नये. पण १३,००० रुपयांकडे काणाडोळाही करू नये.

या डब्यांचं एक श्रेय मात्र द्यायला हवं. ठाणे, नवी मुंबईतल्या फ्लॅटची खोली साधारण १० बाय १२ फुटांची. खाली टाइल, चारी बाजूंना काँक्रीट आणि काचेची सरकती खिडकी. अशा खोलीत १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर अडकतो आणि फुगतो, १० फुटांच्या बाजूला ५६ हर्ट्झचा. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की तबल्याचा डग्गा शेजारच्या खोलीत बुलडोझर चालल्यासारखा घुमतो. महागडे डबे आपल्याच मायक्रोफोनने खोली ऐकतात आणि असा घुमणारा बेस स्वतःहून उतरवतात. हे खरंच काम करतं. मित्राकडे होमपॉड कपाटाच्या कोपऱ्यात सरकवला, तेव्हा पहिली काही सेकंद तंबोरा पिंपात बसून छेडल्यासारखा वाटत होता, मग हळूहळू मोकळा झाला. स्पीकर कुठे ठेवायचा हे आपल्या घरात आवाज ठरवत नाही, प्लगची जागा ठरवते. त्या मानाने ही सोय मोठी आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो, तो बहुतेकांना घरातूनच माहीत असतो. १९२७मध्ये मुंबईचं रेडिओ केंद्र, १९५७मध्ये विविध भारती, मग ट्रान्झिस्टर, टू-इन-वन, दोन कॅसेटचा डेक. नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यावर अभिमानाने चिकटवलेला 'पीएमपीओ'चा आकडा. तो हजारांत असायचा आणि खरे वॅट जेमतेम वीस-पंचवीस. फसवणूकच होती, पण सगळ्यांना ठाऊक असलेली. या सगळ्या पिढ्यांत एक गोष्ट मात्र टिकून होती. व्हॉल्व्हच्या बऱ्याच रेडिओंना पाठीमागे ग्रामोफोनची वायर खुपसायला दोन भोकं असायची. डेकला 'लाइन-इन' असायचं, अ‍ॅम्प्लिफायरला 'ऑक्स'. म्हणजे वाजवणारं यंत्र एक आणि गाणं येण्याचं ठिकाण दुसरं, हे गृहीत धरलेलं होतं. रेडिओ केंद्र बंद पडलं तरी पेटी तबकडी वाजवत राहायची.

वाद आहे तो या भोकाचा.

पहिल्या होमपॉडला पिन लावायची जागा नव्हती आणि ब्लूटूथने गाणं पाठवायचीही सोय नव्हती. त्याच कंपनीचा फोन, टॅब किंवा संगणक असेल तर वायफायवरून वाजवा, नाहीतर राहू द्या. दुसऱ्या आवृत्तीतही तेच धोरण राहिलं. होम मॅक्सला ऑक्स होतं, तो बंद झाला. गूगलचाच २०२०चा नेस्ट ऑडिओ आला तो ऑक्सशिवाय. २०१९चा इको स्टुडिओ, आपल्याकडे २२,९९९ रुपयांचा, याला मात्र जागा होती, शिवाय तिथेच ऑप्टिकल वायरही चालायची. २०२३च्या सोनोस एरा १००ला जागा आहे, पण ती यूएसबी-सीची. साधी पिन लावायची तर वेगळं अडॅप्टर विकत घ्यायचं. आणि या सगळ्यांपेक्षा स्वस्त असलेल्या डॉटमधूनही २०२२च्या पाचव्या आवृत्तीत ३.५ मिलिमीटरचा जॅक गेला, तो तर आवाज बाहेर काढून दुसऱ्या स्पीकरला द्यायचा होता.

पिन काढण्याच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं अगदीच फालतू नाही. पिनेतून घरर्र येते, स्वस्त वायर असेल तर जास्तच. वायरने येणारा आवाज आधी अंकांत बदलून घ्यावा लागतो, मग त्यावर खोलीचा हिशेब लावायचा, मग पुन्हा आवाज करायचा. यात थोडा उशीर होतो आणि टीव्ही लावला तर ओठ आणि शब्द चुकतात. आणि तरुण ग्राहकाकडे वायरने जोडण्यासारखं घरात आहे काय, हा प्रश्नही खराच आहे.

आमच्याकडे आहे. नौपाड्याच्या घरात बाबांच्या दीडेकशे कॅसेट आहेत, नाट्यसंगीत आणि रेडिओवरून भरून घेतलेल्या मैफिली, ज्या कुठल्याही ॲपवर सापडणार नाहीत. डेक अजून चालतो. त्याचा पट्टा वागळे इस्टेटजवळच्या एका माणसाने बदलून दिला. नवा स्पीकर घरी आला तेव्हा बाबांनी तो उलटा करून, हाताने चाचपून पाहिला.

"अरे, पिन कुठे लावायची?"

"पिन नाही बाबा याला."

"मग आवाज आत जाणार कुठून?"

मी सातशे रुपयांचा ब्लूटूथ ट्रान्समीटर आणला. तो डेकला लावला, स्पीकरशी जोडला, वाजलं. पण हे ट्रान्समीटर वीज वाचवायला शांतता झाली की झोपतात. नाटकातलं पद संपलं, टाळ्या विरल्या, पुढचं सुरू व्हायच्या आधीची ती खरखरीत शांतता आली, की हा झोपला. पुढच्या पदाचा पहिला 'आ' प्रत्येक वेळी गिळला जायचा. बाबा दोन दिवस ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी डेकचे जुने स्पीकर पुन्हा माळ्यावरून खाली आले. कुठल्या कंपनीचा स्पीकर ते सांगत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचा घेतला असता तरी फार वेगळं झालं नसतं.

पिनेचा मुद्दा कॅसेटपुरता असता तर त्याला मीही एवढी जागा दिली नसती. मुद्दा असा, की पिन नसलेला स्पीकर कंपनीच्या ॲपवर आणि सर्व्हरवर जगतो. २०२०च्या जानेवारीत सोनोसने आपल्या काही जुन्या स्पीकरांना मे महिन्यापासून नवीन अपडेट मिळणार नाहीत असं जाहीर केलं. ओरड झाली, माफी आली, जुन्यांसाठी वेगळं ॲप ठेवण्यात आलं. २०२२च्या जानेवारीत सोनोसने भरलेल्या पेटंटच्या एका खटल्यात निकाल गूगलच्या विरुद्ध गेला आणि गूगलच्या स्पीकरांचा गट करून सगळ्यांचा आवाज एकदम कमी-जास्त करायची सोय काढून घेतली गेली. ग्राहकाने ती पैसे देऊन घेतली होती. खटला दोन कंपन्यांचा होता. २०२४च्या मेमध्ये सोनोसचं नवं ॲप आलं आणि त्यात गजर, स्लीप टायमर अशा साध्या गोष्टी सुरुवातीला नव्हत्याच. त्या प्रकरणाचा धुरळा खाली बसेपर्यंत २०२५च्या जानेवारीत कंपनीच्या प्रमुखांना जावं लागलं. यातल्या एकाही वेळी वूफर बिघडलेला नव्हता. लाकडी खोक्यातला स्पीकर तीस वर्षं वाजतो, फार तर कडेचं रबर बदलावं लागतं. या डब्यांचं आयुष्य रबर ठरवत नाही.

भाषेचं एका परिच्छेदात आटपतो. २०१८च्या ऑगस्टमध्ये गूगल असिस्टंट फोनवर मराठी बोलू लागला, २०१९च्या सप्टेंबरमध्ये अलेक्सा हिंदी. त्यामुळे आमच्या मजल्यावर मराठी घरांत डब्याशी हिंदीत बोलायची पद्धत पडली आहे. आई अभंग मागते तेही "बजाओ" म्हणून.

उलट दिशेचं उदाहरण त्याच २०१७मध्ये बाजारात आलं होतं आणि प्रीमियमच्या चर्चेत त्याला कोणी धरत नाही. सारेगामा कंपनीचा कारवाँ. ५,००० गाणी आतच भरलेली, इंटरनेट नको, ॲप नको, किंमत सहा हजारांच्या आत. पुढे मराठी गाण्यांचाही निघाला. आवाज बेताचाच, बेस तर नावाला. पण वायफाय गेलं, रात्री वीज जाऊन आली, राउटर उठायला पाच मिनिटं लागली, तरी तो वाजतो. नौपाड्यातल्या जुन्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत सकाळी सातला जो आवाज जिन्यात येतो तो बहुधा याचाच असतो.

आता ३३ हजारांत दुसरं काय येतं, याचं माझ्या पाहण्यातलं एकच उदाहरण आहे. नेरुळला सिडकोच्या घरात राहणाऱ्या मित्राने जुने बुकशेल्फ स्पीकर आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, सगळं मिळून १६ हजारांच्या आसपास. त्याच्या मागे २०१८चा, तिसऱ्या आवृत्तीचा डॉट जोडला आहे, कारण त्याला जॅक आहे. तोंडाने सांगितलं की गाणं लागतं, आवाज निघतो तो दोन खऱ्या स्पीकरांतून, डावा वेगळा, उजवा वेगळा. खोली ऐकून बेस उतरवणं यात नाही. त्यासाठी त्याने उजवा स्पीकर कोपऱ्यातून दीड फूट पुढे ओढला आणि वहिनींची बोलणी खाल्ली. होमपॉडची एका डब्यातली सफाई त्याला नाही. वायरी दिसतात, धूळ बसते.

मागच्या महिन्यात मी तो डॉट विकत मागितला. नवा पाचव्या आवृत्तीचा घेऊन देतो, वर पाचशे रुपये देतो म्हटलं. त्याने तो उलटा करून मागचं भोक दाखवलं आणि परत टेबलावर ठेवला.