लाकडाचा बाक आणि अंतर्गत ताण

ओंडका चिरताना किंवा चिरलेली फळी वाळताना तिचा सरळपणा जाणे. फळीला लांबीत बाक येतो, पीळ पडतो, ती रुंदीत खोलगट होते किंवा टोकाला चिरते. याची मुळे दोन आहेत: झाड उभे असतानाच लाकडात साठलेला ताण आणि पाणी जाताना लाकडाचे निरनिराळ्या दिशांनी कमीजास्त आकसणे. व्यवहारात सगळा दोष दुसऱ्या कारणावर टाकला जातो. फळी वाकली की ‘लाकूड ओलं होतं’ हे नाशिकच्या वखारीतही ठरलेले उत्तर आहे, आणि बऱ्याचदा ते खरेही असते. पण फळी करवतीच्या पात्यातून सुटता सुटताच वाकली, तर तो दोष पाण्याचा नव्हे. पाणी इतक्या झटपट बाहेर पडत नाही.

उभ्या झाडातला ताण

खोड जाड होते ते सालीखालच्या ऊतककर नावाच्या पातळ थरामुळे. या थरातून निघालेल्या नव्या पेशींच्या भित्तींत लिग्निन हे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य भरते, त्या पक्व होतात आणि होताना लांबीत किंचित आखडू पाहतात. आतले जुने लाकूड त्यांना आखडू देत नाही. त्यामुळे नवा थर ताणलेला राहतो आणि त्याच्या ओढीने गाभा दाबला जातो. पुढे त्यावर आणखी ताणलेले थर चढत जातात, गाभ्यावरचा दाब वाढत जातो. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारखाच जोर लावत असताना दोर जसा जागचा हलत नाही, तसे हे खोड बाहेरून स्वस्थ दिसते.

झाडाला याचा उपयोग आहे. लाकडाचे तंतू ओढ चांगली सोसतात, दाबाखाली मात्र लवकर चुरगळतात. वाऱ्याने खोड वाकले की एका अंगाला दाब येतो. ते अंग आधीच ताणलेले असल्याने दाबाचा पहिला भाग ताण घालवण्यातच खर्ची पडतो.

करवत नवा ताण निर्माण करत नाही, असलेला तोल मोडते. ओंडका मधोमध उभा चिरला की प्रत्येक अर्ध्या भागात सालीकडची बाजू आखडते, गाभ्याकडची लांबते आणि दोन्ही भाग टोकांना एकमेकांपासून दूर फाकतात. फरक मोजायला गेले तर क्षुल्लक असतो. २ मीटर लांब आणि ४० मिलिमीटर जाड फळीच्या दोन पृष्ठांच्या लांबीत अवघा १ मिलिमीटर फरक पडला, तरी फळीच्या मध्यावर सुमारे ६ मिलिमीटरचा बाक येतो. फळी पातळ असेल तर त्याच फरकाने बाक आणखी वाढतो. जाड खांड सरळ राहते आणि त्यातून काढलेल्या पट्ट्या मात्र वाकतात, त्याचे एक कारण हे.

या ताणाचे ठळक उदाहरण म्हणजे निलगिरी, आणि नाशिक जिल्ह्याचा या झाडाशी जवळचा संबंध आहे. १९८० च्या दशकात इथल्या शेतकऱ्यांनी शेतात निलगिरी लावली. वनशेतीचे पुरस्कर्ते विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने उत्पादकांची सहकारी संस्थाही उभी राहिली. निलगिरीचा वासा अखंड वापरला तर सरळ राहतो, कारण त्यात ताण चहूबाजूंनी सारखा असतो. त्याच झाडाच्या फळ्या काढायला गेले की फजिती सुरू होते. ओंडका आडवा तोडल्यावर थोड्याच वेळात त्याच्या टोकाला गाभ्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा पडतात आणि करवतीवर फळी लगेच धनुकली घेते. झाड कोवळे आणि बारीक असेल तर त्रास जास्त, कारण तेवढाच ताण कमी अंतरात पालटतो. ‘निलगिरी फर्निचरला चालत नाही’ हा समज इथून आला असावा. तो अर्धाच खरा आहे: जून, जाड ओंडका विचारपूर्वक चिरला आणि सावकाश वाळवला, तर निलगिरीचेही फर्निचर होते.

कललेल्या झाडांत आणखी एक भानगड असते. उतारावर वाढलेला साग किंवा ऐन स्वतःला सरळ करण्यासाठी खोडाच्या वरच्या अंगाला वेगळ्याच घडणीचे, जास्त ओढ धरणारे लाकूड तयार करतो. पाईनसारखे सूचिपर्णी वृक्ष याच्या उलट करतात. ते खालच्या अंगाला दाबाचे लाकूड घालतात. साधे लाकूड लांबीत ०.१ ते ०.२ टक्केच आकसते, हे दाबाचे लाकूड १ टक्क्याहून जास्त आकसू शकते. ओंडक्याच्या तोंडावर गाभा मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेला दिसला, तर खरेदी करणाऱ्याने दोनदा विचार करावा.

वाळताना

ओल्या लाकडातले पाणी दोन जागी असते, पेशींच्या पोकळीत आणि भित्तींत. पोकळीतले पाणी गेले तरी मापात फरक पडत नाही. कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांच्या खाली पाणी उतरले की भित्तीतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते. वार्षिक वलयांच्या कडेने होणारे आकसणे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. साग स्थिर म्हणून नावाजलेला, पण पूर्ण ओला ते पूर्ण कोरडा असा प्रवास केला तर तोही वलयांच्या कडेने सुमारे ६ आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. म्हणूनच वलयांना समांतर चिरलेली फळी वाळताना सालीकडच्या पृष्ठावर खोलगट होते. तंतू खोडाभोवती मळसूत्रासारखे फिरलेले असतील तर फळीला पीळ पडतो, आणि हा दोष रंध्याने निघत नाही.

वाळवण घाईत केली तर तिसराच ताण तयार होतो. भट्टीत बाहेरचा थर आधी वाळून आकसू पाहतो, ओला गाभा त्याला अडवतो, आणि बाहेरचा थर ताणलेल्या स्थितीतच कडक होतो. पुढे गाभा वाळून आकसू लागला की चित्र उलटते: आत ताण, बाहेर दाब. अशी फळी दिसायला उत्तम असते, ओलावामापकावरही पास होते. ती जाडीत दुभागली की मात्र दोन्ही तुकडे आतल्या बाजूने खोलगट होतात. भट्टीच्या अखेरीस दमट वाफ देऊन हा ताण उतरवतात. स्वस्त मालात ही पायरी गाळली गेली, तर त्याची किंमत सुतार मोजतो.

नाशिकची हवा आणि सुताराचे उपाय

नाशिकमध्ये एप्रिलच्या दुपारी हवा अतिशय कोरडी असते आणि श्रावणात भिजट. लाकूड हवेशी जुळवून घेत राहते. मुरलेले लाकूडही घेते. पाडलेल्या वाड्यांचा जुना साग ‘आता हलायचा नाही’ म्हणून जास्त भावाने विकला जातो. तो चांगला असतो, त्याचा वाढीचा ताणही बराचसा निवळलेला असतो, पण पावसाळ्यात फुगायचे काही तो सोडत नाही. भाद्रपदात अडकणाऱ्या दाराला रंधा मारून सैल करणे म्हणजे मे महिन्यातल्या फटीची सोय करणे.

जिल्ह्यात हवा सगळीकडे सारखीही नाही. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचा धो धो पाऊस आणि सिन्नर-येवल्याचे पर्जन्यछायेतले कोरडेपण यांत मोठा फरक आहे. लाकडातल्या ओलाव्याच्या मर्यादा सांगणारे आयएस २८७ हे भारतीय मानकही हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग करते. इगतपुरीत बसवायची चौकट येवल्याच्या कोरड्या हवेत मुरवून लगेच नेली, तर ती तिथे फुगणार.

ओंडका एकाच बाजूने सलग न चिरता उलटसुलट फिरवून आलटूनपालटून फळ्या काढल्या, तर ताण दोन्हीकडून सारखा सुटतो. गाभ्याचा मधला चौकोन वेगळा काढून टाकावा. महत्त्वाच्या कामासाठी वलये पृष्ठाला जवळजवळ काटकोनात येतील अशी चीर घ्यावी. लाकूड वाया जाते, फळी मात्र कमी हलते. नाशिकच्या वायनरींत दिसणाऱ्या ओकच्या पिंपांच्या फळ्याही अशाच दिशेने काढलेल्या असतात. वाळवताना फळ्यांच्या थरांमधल्या आडव्या पट्ट्या बरोबर एकाखाली एक ठेवाव्यात आणि वर वजन द्यावे. पट्टी सरकली तिथे बाक आलाच. फळी जाडसर कापून काही दिवस ठेवावी, तिला हलायचे तेवढे हलू द्यावे आणि मगच शेवटच्या मापाला आणावे. रंधा दोन्ही पृष्ठांवर सारखा मारावा, पॉलिशही दोन्हीकडे. दाराचे पॅनेल चौकटीच्या खाचेत सैल बसवतात, डिंकाने जखडत नाहीत, तेही याचसाठी.

द्राक्षांच्या निर्यातीसोबत जिल्ह्यात लाकडी पॅलेट, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीही भरपूर फिरतात. त्यांवरचा एचटी (हीट ट्रीटमेंट, म्हणजे उष्णोपचार) शिक्का पाहून कोणी ते लाकूड वाळलेले समजून शेल्फसाठी नेतो. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की कीड मारण्यासाठी लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान ३० मिनिटे राखले होते. त्या अर्ध्या तासात लाकूड वाळत नाही आणि त्यातला ताणही सुटत नाही.