बंद कूलरच्या वायरीत काय असतं?

मे महिन्यात नागपुरात कूलरचा प्लग सहसा बोर्डातून निघतच नाही. बोर्डाचं बटण चालू आणि कूलरचं बंद असेल, तर वायरीत करंट वाहत नाही. तरी पेनसारखा नॉन-कॉन्टॅक्ट टेस्टर जवळ नेला की तो वाजतो, तांब्याला कुठेही न शिवता.

टेस्टरला जाणवतं ते विद्युत क्षेत्र. एखाद्या जागी ठेवलेल्या प्रभारावर (चार्जवर) दर कूलॉमला, म्हणजे प्रभाराच्या दर एककाला, किती न्यूटन बल लागेल, ते त्या जागेचं विद्युत क्षेत्र. ते निर्माण होतं प्रभारामुळे. फेजची तार 230 व्होल्टवर आहे तोवर तिच्यावर प्रभार चढत-उतरत राहतो आणि त्याचं क्षेत्र प्लास्टिकच्या आवरणातून बाहेर येतं. करंटची गरजच नाही. हाच टेस्टर कूलरच्या पत्र्याजवळ वाजला, तर अर्थिंग तुटलंय किंवा कुठेतरी गळती आहे असं समजा. पत्र्याला हात न लावता आधी बोर्डाचं बटण बंद करा, मग प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. टेस्टर गप्प राहिला म्हणून मात्र ‘वीज नाही’ असं कधीच धरू नका.

तारेभोवती चुंबकीय क्षेत्र यायला मात्र वाहता प्रभार लागतो. मग कूलर सुरू करून वायरीजवळ होकायंत्र धरलं तर सूची हलायला हवी ना? हलत नाही. एक तर फेज आणि न्यूट्रल शेजारी-शेजारी असून त्यांतले प्रवाह उलट दिशांचे, त्यामुळे त्यांची क्षेत्रं जवळजवळ रद्द होतात. शिवाय प्रवाहाची दिशा सेकंदाला 100 वेळा पालटते, तेवढ्या वेगानं सूचीला वळता येत नाही.

म्हणून प्रयोग सेलवर करावा. 1.5 व्होल्टचे दोन नवे अल्कलाइन सेल एकापुढे एक जोडा, त्यांना 1 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर आणि तांब्याची तार लावा. सुमारे 2 अँपिअर प्रवाह मिळतो. तारेचा निदान 30 सेंटिमीटरचा सरळ भाग होकायंत्राच्या सूचीपासून 2 सेंटिमीटर वर, उत्तर-दक्षिण धरा. परतीची तार लांबून फिरवा. दोन-तीन सेकंदच जोडा, रेझिस्टर चांगलाच तापतो.

सरळ तारेजवळचं क्षेत्र प्रवाहाला अंतरानं भागून ठरतं. 2 अँपिअर आणि 2 सेंटिमीटरला ते येतं 20 मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). नागपुरात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक साधारण 38 मायक्रोटेस्ला. सूची या दोघांच्या मध्ये थांबते, सुमारे 28 अंशांवर. तार 4 सेंटिमीटरवर न्या, कोन 15 अंशांच्या आसपास येतो. सेल उलटे जोडा, सूची दुसऱ्या बाजूला वळते. 1820 साली डॅनिश शास्त्रज्ञ ऑर्स्टेडला दिसलं ते हेच.

बहुतेकांची चूक एकच होते : तार पूर्व-पश्चिम धरली जाते. मग तारेचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्याच रेषेत येतं आणि सूची जागची हलत नाही. प्रवाह आहे, क्षेत्रही आहे, फक्त वळवणारा घटक नाही. (प्रवाह एका दिशेनं पुरेसा वाढवला तर सूची एकदम उलटी फिरेल, पण त्याला दोन सेल पुरत नाहीत.) दुसरी अडचण टेबलाची. लोखंडी टेबल किंवा शेजारचा मोबाइल, त्यातलं स्पीकरचं चुंबक, सूचीला आधीच ओढून ठेवतं. लाकडी पाटावर प्रयोग करा आणि तार जोडण्याआधी सूची खरंच उत्तरेला थांबते का, ते बघा.

अशी बाहेरची ढवळाढवळ मोठ्या मापनांनाही चुकत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मापनाचं काम 1904 साली अलिबागला हलवलं गेलं.