रेंजफाइंडर नेहमीच जास्त अचूक असतो का?

मॅन्युअल फोकसच्या महागड्या कॅमेऱ्यांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: रेंजफाइंडर (कॅमेऱ्यातली अंतर मोजून फोकस जुळवायची यंत्रणा) ऑप्टिकल, म्हणून त्याचा फोकस इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरपेक्षा (डोळा लावून पाहायच्या छोट्या स्क्रीनपेक्षा) अचूकच.

मुळात रेंजफाइंडर लेन्समधून पाहतच नाही. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा जुळवून तो अंतर मोजतो. खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन (प्रतिमा किती पट दिसते ते), यावर त्याची अचूकता ठरते; गुणाकार मोठा, तर अचूकता जास्त. लायका एम६ या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या ०.७२ मॅग्निफिकेशनच्या फाइंडरमध्ये सुमारे ६९ मिमी गुणिले ०.७२, म्हणजे जवळपास ५० मिमी. लेन्स बदलली तरी हा आकडा बदलत नाही. २८ मिमीच्या वाइड लेन्सला तो भरपूर होतो. तिथे रेंजफाइंडर खरोखर सरस आणि झटपट, समजाचं मूळ बहुधा तेच. ९० मिमी एफ/२ या टेली लेन्समध्ये मात्र फोकसची छोटी चूकही दिसते, म्हणून तिथे तोच आकडा तोकडा पडू लागतो. शिवाय आतली जुळणी किंचित हलली, तर खिडकीत सगळं जुळलेलं दिसूनही फोटो धूसर येतो. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सेन्सरवरचीच प्रतिमा दाखवतो, हवी तेवढी मोठी करून.

लाइव्ह व्ह्यू (सेन्सरवरची प्रतिमा थेट स्क्रीनवर दाखवायची सोय) असलेला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा मिळाला तर स्वतः पडताळा. कॅमेरा ट्रायपॉडवर, मोजपट्टी तिरकी, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं. पट्टीवरच्या एकाच आकड्यावर दोन्ही पद्धतींनी फोकस करून फोटो शेजारी ठेवा.