चाळीस मार्कांची रांग : शीतयुद्ध कसं उभं राहिलं

२० जून १९४८, रविवार. जर्मनीच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यातल्या भागात लोक सकाळपासून रांगेत उभे होते. माणशी ४० नवे मार्क मिळत होते. नोटा अमेरिकेत छापून, लाकडी खोक्यांत भरून आधीच गुपचूप आणून ठेवलेल्या होत्या. सोमवारी दुकानं उघडली तर काचेमागे भांडी, बूट, लोणी सगळं हजर! शनिवारपर्यंत हाच माल फक्त काळ्या बाजारात, तोही बहुधा सिगारेटींच्या मोबदल्यात मिळत होता. त्याच आठवड्यात, २४ जूनला, सोव्हिएत लष्कराने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. बर्लिन शहर सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व भागात होतं, पण त्याचा पश्चिमेकडचा भाग अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सकडे होता.

शीतयुद्धाची गोष्ट सहसा भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद अशी सांगितली जाते. ते खोटं नाही, पण त्याने कोडं सुटत नाही. १९४१ मध्येही हे दोन विचार एकमेकांचे तितकेच वैरी होते, तरी हिटलरविरुद्ध अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका बाजूने लढलेच. मग बिनसलं कुठे? माझ्या मते त्याचा सगळ्यात स्पष्ट माग जर्मनीच्या हिशेबात सापडतो. हरलेल्या जर्मनीकडून कोणी किती वसूल करायचं आणि तिथल्या भुकेल्या लोकांना कोणाच्या खर्चाने जगवायचं, या दोन प्रश्नांवर मैत्री उसवत गेली.

संशय मात्र जुना होता. रशियन क्रांतीनंतरच्या यादवीत अमेरिकी आणि ब्रिटिश फौजा अर्खांगेल्स्क आणि व्लादिवोस्तोकला उतरल्या होत्या, हे मॉस्को विसरलं नव्हतं. अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली तीच १९३३ मध्ये. उलट बाजूने, ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिनने हिटलरशी करार करून पोलंड वाटून घेतला, हे लंडन आणि वॉशिंग्टन विसरलं नव्हतं. युद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर दुसरी आघाडी उघडायला जून १९४४ उजाडला, तोवर जर्मन सैन्याचा मुख्य भार लाल सैन्यच झेलत होतं. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं या युद्धात गेली, अमेरिकेची ४ लाखांच्या आसपास. पुढच्या सगळ्या वाटाघाटींवर या दोन आकड्यांची सावली आहे.

पूर्व युरोपच्या वाटणीची तर चर्चिलने कागदावर टक्केवारीच मांडली होती. ऑक्टोबर १९४४, मॉस्को : रुमेनियात ९० टक्के वर्चस्व रशियाचं, ग्रीसमध्ये ९० टक्के ब्रिटनचं, युगोस्लाव्हिया निम्मा-निम्मा. स्टालिनने त्यावर निळ्या पेन्सिलीने खूण केली. ज्यांच्या देशांचे हे टक्के होते त्यांना अर्थातच कोणी विचारलं नाही. पुढे लोकशाहीच्या नावाने जी भाषणं झाली, ती वाचताना हा कागद आठवतोच.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले तेव्हा युद्धभरपाईचा आकडा प्रथम पटावर आला. जर्मनीकडून २० अब्ज डॉलर घ्यावेत, त्यातले निम्मे सोव्हिएत संघाला द्यावेत, असं रशियाचं म्हणणं. चर्चेचा पाया म्हणून अमेरिकेने तो आकडा मान्य केला, ब्रिटन अडून बसला. स्टालिनच्या लेखी ते वचन होतं, अमेरिकेच्या लेखी चर्चेची सुरुवात. एप्रिलमध्ये रूझवेल्ट वारले आणि ट्रूमन आले. जर्मनीच्या शरणागतीला आठवडाही झाला नव्हता, तोच लेंड-लीजची, म्हणजे युद्धकाळात अमेरिका मित्रराष्ट्रांना देत असलेल्या मालाची, मदत तोडण्याचा हुकूम निघाला. वाटेतली जहाजं माघारी वळवली गेली. हुकूम लगेच सौम्य केला, पण मॉस्कोला जो अर्थ घ्यायचा तो त्यांनी घेतला. जानेवारीत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी मागितलेलं ६ अब्ज डॉलरांचं कर्जही कधी मिळालं नाही.

पॉट्सडॅमच्या परिषदेत (जुलै-ऑगस्ट १९४५) तोडगा निघाला तो असा : ज्याने त्याने आपल्या ताब्यातल्या भागातून वसुली करावी. त्याशिवाय पश्चिमेकडच्या कारखान्यांतली जादा यंत्रसामग्री सोव्हिएत संघाला मिळेल, १० टक्के फुकट आणि १५ टक्के पूर्वेकडच्या धान्य-कोळशाच्या बदल्यात. जर्मनी आर्थिकदृष्ट्या एकच देश राहील, असंही त्याच करारात लिहिलं. एकाच कागदावर ही दोन वाक्यं कशी नांदणार, हा प्रश्न तेव्हा पुढे ढकलला गेला. याच परिषदेत ट्रूमन यांनी स्टालिनला एका नव्या प्रचंड अस्त्राबद्दल सहज बोलल्यासारखं सांगितलं. स्टालिनला ते हेरांकडून आधीच माहीत होतं.

आता जर्मनीच्या दोन भागांतली स्थिती बघा. पूर्वेकडे सोव्हिएत पथकं कारखाने खोलून, रेल्वेचे रूळसुद्धा उपसून मायदेशी पाठवत होती. बेचिराख झालेल्या देशाने दुसरं काय करावं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते समजण्याजोगं होतं. पश्चिमेकडचं ऱ्हूर खोरं औद्योगिक. धान्य पूर्वेकडून यायचं, ते येईना. मग अमेरिका आणि ब्रिटन आपल्या पैशाने गहू आणून जर्मनांना घालू लागले. युद्धाच्या सहा वर्षांत ब्रिटनमध्ये पावावर रेशन नव्हतं, ते जुलै १९४६ मध्ये आलं. जिंकलेल्या देशात पावासाठी कुपनं का, हा प्रश्न लंडनमध्ये विचारला जाणारच.

मे १९४६ मध्ये जर्मनीतले अमेरिकी उप-लष्करी राज्यपाल जनरल ल्यूशस क्ले यांनी आपल्या भागातून युद्धभरपाईची यंत्रं पाठवणं थांबवलं. एका हाताने यंत्रं द्यायची आणि दुसऱ्या हाताने धान्य विकत घ्यायचं, हा व्यवहार वॉशिंग्टनला परवडत नव्हता. युरोपच्या मधोमध पोलादी पडदा उतरला आहे, असं सांगणारं चर्चिलचं भाषण त्याआधी दोनच महिने, मार्चमध्ये, मिसुरीतल्या फुल्टनला झालं होतं. इतिहासात गाजलं ते भाषण. मला क्ले यांचा हुकूम अधिक निर्णायक वाटतो.

चलनाचा घोळ तर युद्ध संपण्याआधीचाच. जिंकलेल्या जर्मनीत वापरायच्या नोटांचे छापे अमेरिकेने १९४४ मध्येच सोव्हिएत संघाला देऊन टाकले होते. त्यांनी नोटा सढळ हाताने छापल्या, आपल्या सैनिकांचे थकलेले पगार त्यात चुकवले. बर्लिनच्या काळ्या बाजारात रशियन सैनिक अमेरिकी सैनिकांकडून घड्याळं विकत घेत, आणि अमेरिकी सैनिक ते मार्क डॉलरमध्ये बदलून घरी पाठवत. सोव्हिएत छपाईच्या नोटांवर क्रमांकाआधी एक छोटी आडवी रेघ असे, ती ओळखायला अमेरिकनांना थोडा वेळ लागला. पैशाला किंमत उरली नाही, शेतकरी माल बाजारात आणेना. पश्चिम भाग उभा करायचा तर नवं चलन हवं, आणि नवं चलन म्हणजे जर्मनीचे दोन देश होण्याकडे पाऊल, हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

ते पाऊल उचलायला धीर आला मार्शल योजनेमुळे. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार आता पेलवत नाही. १२ मार्चला ट्रूमन यांनी या दोन देशांसाठी काँग्रेसकडे ४० कोटी डॉलर मागितले आणि त्याला स्वतंत्र राष्ट्रांना पाठबळ देण्याच्या धोरणाचं रूप दिलं. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी साऱ्या युरोपला मदत देऊ केली. चार वर्षांत ती १३ अब्ज डॉलरांच्या आसपास गेली. मोलोतोव्ह पॅरिसच्या बैठकीला आले आणि उठून गेले. चेकोस्लोव्हाकियाने आधी होकार दिला होता, स्टालिनने तो मागे घ्यायला लावला. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी पूर्ण सत्ता घेतली. मार्चमध्ये जर्मनीतले सोव्हिएत लष्करप्रमुख सोकोलोव्हस्की जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या चार राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळातून बाहेर पडले. आणि मग जूनमध्ये ती रांग.

सोव्हिएत अधिकाऱ्यांनीही घाईघाईने आपला चलनबदल केला. नोटा छापून तयार नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर कागदी तिकिटं चिकटवली. बर्लिनकरांनी त्यांची मनसोक्त टर उडवली. नाकेबंदीत अडकले होते २० लाखांवर लोक. विमानांनी एवढ्यांना अन्नधान्य आणि कोळसा पुरवता येईल, असं सुरुवातीला फार थोड्यांना वाटत होतं. एकूण उड्डाणं झाली पावणेतीन लाखांवर, माल आला सुमारे २३ लाख टन, आणि त्यातला दोन तृतीयांश कोळसा होता. १२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली, पण तोवर नाटो ही पाश्चात्त्य देशांची लष्करी संघटना झाली होती आणि पश्चिम जर्मनीची राज्यघटना तयार होती. ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनी जाहीर झाला.

याच वर्षी २९ ऑगस्टला सोव्हिएत संघाने पहिला अणुस्फोट केला, १ ऑक्टोबरला माओंनी चीनमध्ये प्रजासत्ताक जाहीर केलं. एप्रिल १९५० मध्ये ट्रूमन यांच्यापुढे एक गोपनीय अहवाल आला : लष्करी ताकद झपाट्याने वाढवावी. खर्च किती येईल, तो आकडा त्यात मुद्दामच घातला नव्हता. संरक्षणखर्च १३-१४ अब्ज डॉलरांत बसवू पाहणाऱ्या ट्रूमन यांनी तो मंजूर न करता खर्चाचा तपशील मागितला. २५ जूनला उत्तर कोरियाचं सैन्य ३८ व्या अक्षांशाच्या, म्हणजे दोन कोरियांमधल्या सीमेच्या, खाली उतरलं. सप्टेंबर संपता संपता अहवाल मंजूर झाला, आणि खर्च तिपटीहून वर गेला.