मारुतीच्या देवळासमोरचा राउटर

पाकिटावर ‘मारुतीच्या देवळासमोर, कोल्हापूर’ एवढाच पत्ता लिहिला, तर पोस्टमन ते पत्र कोणाच्या दारात टाकणार? घरातल्या वाय-फाय राउटरचा 192.168.1.1 हा पत्ता याच जातीचा आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये इंटरनेटच्या मानकांनी 192.168 ने सुरू होणारे सर्व 65,536 पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. त्यामुळे राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आणि शाहूपुरीतल्या दुकानात तोच पत्ता एकाच वेळी सुखाने नांदतो. राउटरचा पासवर्ड बदलायला ब्राउझर उघडल्यावर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा जो लाल इशारा समोर येतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा याच पत्त्यात असते.

पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ असले की ब्राउझर दोन वेगळी कामे करतो. एक म्हणजे संवाद कूटबद्ध करणे, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये असा करणे, आणि दुसरे म्हणजे समोरचा खरोखर तोच आहे याची खात्री करून घेणे. ही खात्री प्रमाणपत्रावरून होते. त्यात सार्वजनिक किल्ली (सर्वांना उघड असलेला, पडताळणीसाठी वापरायचा लांब अंक), नाव, मुदत आणि ते देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. ज्यांच्या सहीवर विश्वास ठेवायचा अशा संस्थांची यादी ब्राउझरकडे किंवा संगणकाच्या प्रणालीकडे आधीच असते. राउटरचे प्रमाणपत्र मात्र सहसा राउटरनेच तयार केलेले आणि स्वतःच सही केलेले असते. गुजरीतल्या सराफाने दागिन्यावर हॉलमार्कऐवजी आपल्या पेढीचा शिक्का मारावा, तसा हा प्रकार. सोने खोटे आहे असे त्यातून सिद्ध होत नाही, पण बाहेरच्या कोणी ते कसाला लावलेले नाही, एवढे मात्र खरे.

मग कंपनीने रीतसर प्रमाणपत्रच का घेऊ नये? कारण जो पत्ता लाखो घरांत आहे, तो एकट्याच्या मालकीचा असल्याची ग्वाही कोणी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. आणि दिलीच, तर त्या कागदाच्या बळावर एका घरातला राउटर दुसऱ्या घरात तोतयेगिरी करू शकेल. पूर्वी अशी प्रमाणपत्रे दिली जात असत. प्रमाणपत्र संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सामाईक नियमांनी ती पद्धत बंद केली आणि उरलेली प्रमाणपत्रे 1 ऑक्टोबर 2016 पर्यंत रद्द करायला लावली.

इशाऱ्याखालची बारीक अक्षरे वाचण्याचा कंटाळा करू नये, कारण निदान तिथेच असते. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणजे वर सांगितलेला, स्वतःच्या सहीचा प्रकार. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे आपण टाकलेला पत्ता प्रमाणपत्रातल्या नावाशी जुळत नाही. क्रोम 2017 पासून फक्त ‘पर्यायी नावे’ हा रकाना वाचतो आणि जुन्या राउटरांच्या प्रमाणपत्रांत अनेकदा तो रकानाच नसतो. ‘डेट इनव्हॅलिड’ दिसले तर आधी संगणकाचे घड्याळ पाहावे. ते बरोबर असेल, तर राउटरवर संशय घ्यावा. बहुतेक घरगुती राउटरांत घड्याळासाठी बॅटरी नसते, त्यामुळे पावसाळ्यात वीज जाऊन आली की इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो कधी कधी चक्क 1 जानेवारी 1970 मध्ये वावरतो, आणि त्याच अवस्थेत त्याने नवे प्रमाणपत्र तयार केले तर त्याच्या तारखाही तशाच विचित्र पडतात.

पुढे जाण्यापूर्वी आपण आपल्याच राउटरशी बोलत आहोत ना, हे स्वतः पडताळावे लागते. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा दिली की ‘डीफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसतो. संगणक केबलने थेट राउटरला जोडून तो पत्ता उघडावा. मधे तिसरे कोणी शिरण्याची शक्यता त्यामुळे फारच कमी होते. त्या वेळी प्रमाणपत्राच्या तपशिलात दिसणारा ‘एसएचए-256’ ठसा (त्या प्रमाणपत्राची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची लांब ओळ) वहीत उतरवून ठेवावा आणि मग ‘प्रगत’ या बटणाखालून पुढे जावे. पुन्हा कधी इशारा आला आणि ठसा तोच असेल, तर काळजी नाही. राउटर रीसेट केलेला नसताना ठसा बदलला असेल, तर पासवर्ड टाकू नये. ही सवलत फक्त घरच्या राउटरला आहे. बँकेच्या संकेतस्थळावर असाच इशारा आला, तर तिथूनच मागे फिरावे.

इशारा टाळण्यासाठी काही जण साध्या ‘एचटीटीपी’ने पान उघडतात. लाल पडदा येत नाही हे खरे, परंतु पासवर्ड मग उघडाच प्रवास करतो. हा सौदा मला उफराटा वाटतो.

इशारा कायमचा घालवायचा असेल, तर ‘ओपनएसएसएल’ या मोफत प्रोग्रामने स्वतःची छोटी प्रमाणपत्र संस्था उभारावी, राउटरचा पत्ता पर्यायी नावांत घालून प्रमाणपत्र तयार करावे, ते राउटरवर चढवावे आणि संस्थेचे मूळ प्रमाणपत्र घरातल्या प्रत्येक संगणकाच्या विश्वासू यादीत घालावे. राउटर बाहेरचे प्रमाणपत्र स्वीकारतो का, हे मात्र आधी पाहावे. अनेक स्वस्त राउटरांत ती सोयच नसते. शिवाय त्या संस्थेची खासगी किल्ली, म्हणजे सही करण्याची गुप्त किल्ली, चोरीला गेली, तर चोर त्या संगणकांपुढे कोणत्याही संकेतस्थळाचे सोंग घेऊ शकतो. वर्षातून दोनदा पासवर्ड बदलणाऱ्या घरासाठी इतका खटाटोप मला जास्तच वाटतो. तिथे वहीतला ठसा पुरेसा आहे.