डेलिरियम उतरल्यावर मागे राहणारा विसराळूपणा

डेलिरियम म्हणजे आजारपणात अचानक उडणारा मेंदूचा गोंधळ. त्यात रुग्ण बरळू लागला, सलाइनची नळी ओढू लागला की 'आजार उतरला की येतील ताळ्यावर' असं नातेवाइकांना सांगितलं जातं. वैद्यकशास्त्राचीही अनेक दशकं हीच समजूत होती. मात्र जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमानो या अमेरिकी डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मेंदूच्या विद्युत आलेखात मंदावलेल्या लहरी दाखवल्या आणि १९५९ मध्ये स्पष्टच लिहिलं: हृदय किंवा मूत्रपिंड कमी पडतं तसाच इथे मेंदू कमी पडतोय, पण डॉक्टर त्याची तेवढी काळजी घेत नाहीत.

खरी अडचण निदानाची होती. आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. गुंगीत गप्प पडून राहणारा मात्र 'शांत झोपलाय' म्हणून सुटतो. १९९० मध्ये अमेरिकी डॉक्टर शॅरन इनौये यांनी डेलिरियम ओळखण्यासाठी चार खुणांची 'कॅम' चाचणी दिली. बदल अचानक झालेला आणि कमी-जास्त होणारा हवा, लक्ष टिकत नसायला हवं. शिवाय विचारांत गोंधळ किंवा जागृतीत फरक, यांपैकी एक. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बोलता येत नाही, म्हणून २००१ मध्ये आयसीयूसाठी वेगळी पद्धत आली. परिचारिका दहा इंग्रजी अक्षरं सावकाश म्हणते आणि 'ए' आला की रुग्णाने तिचा हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष टिकत नाही.

अशी मोजणी सुरू झाली म्हणून पुढचं नुकसान दिसलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात आयसीयूतल्या ८२१ रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना डेलिरियम झाला. वर्षानंतर तपासलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांची बौद्धिक क्षमता सौम्य अल्झायमरच्या रुग्णांइतकी खाली होती, आणि त्यांत तरुणही होते. डेलिरियम जितके दिवस टिकला, तितकी घसरण जास्त.

औषधाने तो आवरता येईल ही आशाही फोल ठरली. २०१८ च्या मोठ्या चाचणीत हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाने डेलिरियमचे दिवस कमी झाले नाहीत. त्याउलट १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अभ्यासात सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांपैकी निम्म्यांवर साधे उपाय केले: चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी, पुरेसं पाणी, दिवसातून तीनदा चालवणं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध आणि पाठीला मालिश. नेहमीची देखभाल मिळालेल्यांत डेलिरियमचं प्रमाण १५ टक्के होतं, या गटात ९.९ टक्के. मात्र एकदा सुरू झालेल्या डेलिरियमची तीव्रता या उपायांनी घटली नाही, म्हणून ते दाखल झाल्यापासूनच हवेत.

डेलिरियम चालू असताना स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये. आधी घरच्यांना विचारावं: हिशेब, औषधं, फोन हे सगळं महिन्याभरापूर्वी स्वतः सांभाळत होते का? आणि घरी गेल्यावर तीन महिन्यांनी स्मरणशक्ती पुन्हा तपासावी.